घाट उतरताना रीजन मधेच सुटतो? आधी ‘कुठे सुटला’ ते विचारा

घाट सेक्शनमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने ही तक्रार ऐकलेली आहे. वर असताना रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी रोखून वीज तारेत परत देणारा रीजनरेटिव्ह ब्रेक, व्यवस्थित लागला, अर्ध्या उतारावर सुटला, गाडी एअर ब्रेकवर घ्यावी लागली, वेग फार पडला आणि शेवटी गाडी उभी राहिली. लॉगबुकात एक ओळ पडते, ‘रीजन काम करत नाही’. इंजिन शेडमध्ये जातं, तपासणी होते, काही सापडत नाही. इंजिन परत लाइनवर येतं आणि आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याच लोको पायलटच्या हातून तीच ओळ तशीच लिहिली जाते.

मी बरीच वर्षं घाटात काढली, आधी कॅबमध्ये आणि नंतर नव्या पोरांना शिकवत. शिकवताना एक गोष्ट सतत जाणवली. रीजन सुटला की सगळ्यांची नजर इंजिनाकडे जाते. खरं कारण पुष्कळदा रुळावर असतं, वरच्या तारेत असतं, गाडीच्या वजनात असतं किंवा आपल्याच हातात असतं. इंजिनाचा दोष असतोच, पण तो शोधण्याआधी बाकीचं बाजूला काढलं नाही, तर शेडवाले बिचारे धडधाकट इंजिन उघडून बसतात.

नव्याने घाटात येणाऱ्या लोको पायलट आणि असिस्टंट मंडळींसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं बोरघाट आणि थळघाटाची घेतो. दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर, आहे आणि मराठी माणसाने हे दोन्ही घाट निदान खिडकीतून तरी पाहिलेले असतात. मध्य रेल्वेवर मुंबईच्या दिशेला ‘अप’ म्हणतात, म्हणजे या घाटांत अप गाडी खाली उतरते आणि डाउन गाडी वर चढते. नव्या माणसाचा इथे सुरुवातीला गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

सुटलेल्या रीजनची किंमत

रीजन म्हणजे वीज वाचवायची सोय, असं पुष्कळांना वाटतं. सपाटीवर ते बरोबरही आहे. घाटात मात्र रीजन म्हणजे लाइनची क्षमता. हे पटायला एक साधा हिशेब करू.

इंजिनासकट १४०० टनांची, २४ डब्यांची गाडी ३७ ला १ च्या उतारावर आहे. तिला खाली ओढणारा जोर साधारण ३७० किलोन्यूटन भरतो. ताशी ३० किलोमीटरने ती एका वेगात उतरवायची, तर दर क्षणाला सुमारे ३१०० किलोवॅट ताकद कुठेतरी जिरवावी लागते. रीजन नसेल तर ही सगळी उष्णता डब्यांच्या १९२ चाकांच्या ब्रेकवर येते, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला १६ किलोवॅट. घरातली इस्त्री साधारण १ किलोवॅटची असते. अशा १६ इस्त्र्या एका चाकावर ठेवून अर्धा-पाऊण तास तापवत राहिलात तर काय होईल, त्याची कल्पना करा. ब्रेक ब्लॉकचा करपट वास, निळसर पडलेली चाकं, गार व्हायला उभी केलेली गाडी, हे सगळं त्यातून येतं.

आता पुढे डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन आहे असं धरा. त्याचा रीजनचा जोर जास्तीत जास्त २६० किलोन्यूटन. चाकांच्या ब्रेकसाठी ११० किलोन्यूटन उरतात, म्हणजे एका चाकाला ५ किलोवॅटच्या आत. प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-७ असेल तर रीजन १८२ किलोन्यूटन आणि जवळजवळ निम्मा भार अजून हवेच्या ब्रेकवरच राहतो. गाडीचं घर्षण आणि वळणांचा विरोध थोडी मदत करतो, तो मी धरलेला नाही. त्याच्या भरवशावर उतरायचंही नसतं.

क्षमता वाढते ती इथे. समजा, घाटातला एक ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच गाडी सोडतात तो तुकडा, उतरायला गाडीला १२ मिनिटं लागतात. तासाला ५ गाड्या निघू शकतात. त्यात एक गाडी रीजन सुटून २० मिनिटं उभी राहिली, की जवळजवळ दोन गाड्यांची जागा गेली. नुकसान तेवढ्यावरही थांबत नाही. कर्जतहून गाड्यांना मागून रेटत वर नेणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लोणावळ्याला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी याच उतारावरून परत कर्जतला यावे लागतात. उतरणारी लाइन अडली की बँकर वर अडकतात, आणि बँकर नाही म्हणून चढणाऱ्या गाड्या खाली खोळंबतात. खाली येणाऱ्या एका गाडीचा रीजन सुटला आणि त्याचा फटका वर जाणाऱ्या गाडीला बसला, असं घाटात अगदी सहज होतं. कंट्रोलवरच्या माणसाला ते दिसतं, कॅबमधल्या माणसाला दिसत नाही.

ज्यांनी हे घाट विजेवर आणले त्यांना याची जाण होती. १९२९-३० च्या सुमाराला जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, १५०० व्होल्ट डीसी घाटांपर्यंत आणली. मालगाड्यांसाठी जी ईएफ-१ इंजिनं आणली, जी पुढे डब्ल्यूसीजी-१ झाली आणि ज्यांना आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणत, त्यांच्यात रीजन होता. उतरणाऱ्या गाडीने वीज द्यायची आणि चढणाऱ्या गाडीने ती घ्यायची. कर्जत ते लोणावळा उंचीचा फरक धरून चालू की ५५० मीटर आहे. १००० टन तेवढे खाली आले की हिशेबाने १५०० युनिट वीज सुटते. सगळी परत मिळत नाही, घर्षणात आणि यंत्रात बरीच जाते. तरी दगडी कोळशाच्या जमान्यात ही कल्पना अमलात आणणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो. त्या व्यवस्थेची मर्यादाही होती. डीसीच्या रेक्टिफायर सबस्टेशनमधून वीज उलटी ग्रिडकडे जात नाही. त्या क्षणी जवळपास वीज घेणारी दुसरी गाडी नसेल तर तारेतला दाब (व्होल्टेज) वाढतो आणि रीजन सोडावा लागतो. पुढे डब्ल्यूसीजी-२ आली तेव्हा भर रिओस्टॅटिक ब्रेकवर होता, म्हणजे वीज डोक्यावरच्या रेझिस्टन्समध्ये जाळून टाकायची. आता २५ किलोव्होल्ट एसी आणि थ्री-फेज इंजिनं आल्यावर वीज सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊ शकते. त्यामुळे ‘घेणारं कुणी नाही म्हणून सुटला’ ही जुनी अडचण बरीच कमी झाली. नव्या अडचणी वेगळ्या आहेत.

पहिला प्रश्न: कुठे सुटला?

लॉगबुकात ‘रीजन सुटला’ एवढंच लिहू नका. किलोमीटर आणि खांबाचा नंबर लिहा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक उत्तर तिथेच मिळतं.

एकदा पावसाळ्यात एका घाटात एकाच आठवड्यात तीन गाड्यांनी ही तक्रार नोंदवली. तीन वेगळी इंजिनं, तीन वेगळे लोको पायलट. शेडमध्ये तिन्ही इंजिनं ठीक निघाली. मी तिघांना बसवून जागा विचारल्या. कुणालाच खांबाचा नंबर आठवत नव्हता, पण एकाला बोगदा आठवला, दुसऱ्याला त्यानंतरचं वळण, तिसऱ्याला सिग्नल. स्पीड रेकॉर्डरचे चार्ट काढून जुळवलं तेव्हा तिन्ही जागा अर्ध्या किलोमीटरच्या आत आल्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅकच्या माणसांबरोबर तिथे चालत गेलो. वळणावर रुळाच्या कडेला वंगण देणारं यंत्र गरजेपेक्षा जास्त ग्रीस सोडत होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते रुळाच्या माथ्यावर पसरलं होतं. रूळ पुसला, यंत्र नीट लावलं, तक्रार थांबली. इंजिनाचा एक बोल्टही फिरवावा लागला नाही.

असं का होतं? डब्ल्यूएजी-९ चं वजन १२३ टन. त्यावर २६० किलोन्यूटन रीजन लावायचा म्हणजे चाक आणि रूळ यांच्यात वजनाच्या सुमारे साडेएकवीस टक्के पकड हवी. कोरड्या, स्वच्छ रुळावर ती मिळते. पहिल्या पावसाच्या शिंतोड्यांत धूळ, तेल आणि पाणी यांचा निसरडा लेप बसतो, त्यावर मिळत नाही. चाक घसरायला लागलं की कंट्रोल स्वतःच जोर कमी करतो. आपल्याला मीटरवर काटा खाली आलेला दिसतो आणि आपण म्हणतो ‘सुटला’. खरं तर इंजिनाने चाक वाचवलेलं असतं. १३२ टनांच्या डब्ल्यूएजी-९एच मध्ये तोच जोर वीस टक्क्यांवर निभावतो. घाटात जड इंजिन का बरं वाटतं, ते यावरून कळेल.

मुसळधार पावसापेक्षा रिमझिम जास्त त्रास देते. जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो. त्यामुळे जूनच्या पहिल्या सरी आणि पावसाळा सरताना पडणारं धुकं, या दोन वेळी रीजन पूर्ण मागू नका. आधीच थोडा कमी घ्या, उरलेलं हवेवर घ्या आणि पकडीसाठी चाकांखाली सोडायची वाळू तपासल्याशिवाय घाटात शिरू नका. वाळूचा डबा भरलेला असतो पण नळी ओल्या वाळूने बंद झालेली असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विचारायच्या आधी खाली उतरून नळीच बघतो.

न्यूट्रल सेक्शनवरचा झटका

सुटण्याची जागा न्यूट्रल सेक्शनच्या अलीकडे-पलीकडे असेल, तर कारण उघड आहे. तिथे तारेत वीजच नाही. ५०० मीटर आणि २५० मीटरचे फलक, मग व्हीसीबी, म्हणजे इंजिनाचा मुख्य वीज-स्विच, उघडायचा फलक, पलीकडे बंद करायचा. सपाटीवर आपण ते सवयीने करतो. उतारावर ती सवय महागात पडते. रीजनने गाडी धरलेली असताना व्हीसीबी उघडला, की पुढची सगळी पकड एका क्षणात जाते. इंजिनाशी दाटून आलेले डबे मोकळे होतात, गाडी पुढे झेपावते, मग घाईने हवेचा ब्रेक जातो आणि पुन्हा धक्का बसतो. कपलर तुटायची भीती अशा वेळीच असते.

बरोबर रीत अशी: पहिला फलक दिसण्याच्या आधीच ए-९ ने, म्हणजे सगळ्या गाडीच्या हवेच्या ब्रेकच्या हँडलने, हलका ब्रेक घालून गाडी हवेवर घ्यायची, ती धरली हे वेगाच्या काट्यावर बघायचं, मग थ्रॉटल बीई, म्हणजे ब्रेकच्या बाजूकडून, हळूहळू शून्यावर आणायचा आणि मगच व्हीसीबी. पलीकडे गेल्यावर उलट क्रम. व्हीसीबी बंद झाल्यावर कन्व्हर्टर तयार व्हायला काही क्षण लागतात, ते द्यायचे. थ्रॉटल एकदा शून्यावर आलेला हवा. ‘न्यूट्रलनंतर रीजन परत येतच नाही’ अशा तक्रारींत बहुतेक वेळा थ्रॉटल शून्यावर न आणता घाईघाईत ओढलेला असतो.

आणि हवेचा ब्रेक सोडायचा तो रीजनने गाडी धरल्यानंतर. मधल्या काळात दोन्ही सुटलेले आहेत, अशी वेळ ३७ ला १ वर पाच सेकंदसुद्धा येऊ द्यायची नाही.

हात कुठे होता?

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो. मी तो दोष द्यायला विचारत नाही. रीजन चालू असताना इंजिनाच्या ब्रेक सिलिंडरमध्ये हवा भरली, तर त्याच चाकांवर मोटरचाही ब्रेक आणि ब्लॉकचाही ब्रेक असे दोन भार पडतात आणि चाक आवळून घसरतं. ते टाळायला रीजन आणि इंजिनाचा स्वतःचा ब्रेक एकमेकांना सांभाळून चालतील अशी रचना असते. आपण सवयीने एसए-९ ला, म्हणजे फक्त इंजिनाच्या ब्रेकच्या हँडलला, हात लावला, किंवा कुणी तो थोडा लावलेलाच ठेवला, की रीजन कमी होणार. म्हणून रीजन लागत नाही असं वाटलं, की सगळ्यात आधी बीसी (ब्रेक सिलिंडर) गेज पाहा. काटा पूर्ण शून्यावर नसेल तर शोध तिथून सुरू करा. पार्किंग ब्रेकही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरी चूक एकदम ओढण्याची. रीजनचा सगळा जोर गाडीच्या तोंडाशी असतो आणि मागचे डबे पुढच्यांवर येऊन आदळतात. थ्रॉटल थोडा मागे घ्या, गाडी दाटू द्या, मग हळूहळू वाढवा. रिकामे वॅगन पुढे आणि भरलेले मागे असतील तर फार सावध राहा. वळणावर हलका वॅगन दोन बाजूंनी दाबला गेला की तो बाहेर फेकला जाऊ शकतो. अशा रेकला पूर्ण रीजन मागणं चूक आहे, मग इंजिनाची क्षमता कितीही असो.

तारेतला दाब आणि गेलेली लाइन

जागा दर वेळी वेगळी, रूळ कोरडा, हात ठीक, तरी रीजन कमी होतो. आता ओएचईचा, म्हणजे वरच्या तारेचा, व्होल्टमीटर बघा. २५ किलोव्होल्टच्या लाइनवर नेहमीची कमाल २७.५ आहे. सबस्टेशनपासून लांब, रात्रीच्या वेळी, चढणारी गाडी जवळ नसताना उतरणारं इंजिन वीज ढकलायला लागलं की त्या टोकाला दाब चढतो. दाब फार चढला तर इंजिन स्वतःहून हात आखडता घेतं. या कारणाची खूण अशी की समोरून डाउन गाडी घाट चढायला लागली की रीजन आपोआप सुधारतो. अशी नोंद दोन-तीनदा मिळाली तर ती टीआरडीकडे, म्हणजे तार आणि सबस्टेशन सांभाळणाऱ्या विभागाकडे, द्यायची, शेडकडे नाही. कंट्रोलला जमत असेल तर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या एकाच वेळी घाटात येतील असं बघावं. ९० वर्षांपूर्वीची युक्ती आजही उपयोगी पडते.

फीडर ट्रिप होऊन वीजच गेली तर रीजन जाणारच. ए-९ घ्या आणि गाडी ताब्यात ठेवा. कारण नंतर शोधता येतं.

आणि मग इंजिन

इतकं सगळं बाजूला काढल्यावर इंजिनाकडे या. सुरुवातीपासून जोर निम्माच मिळतोय, अगदी कोरड्या रुळावरही, तर इंजिनाची एक बोगी, म्हणजे चाकं-मोटरींचा एक संच, आयसोलेट (बंद) झालेली असण्याची शक्यता मोठी. स्क्रीनवर एसएस-०२ किंवा एसएस-०३ चा, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या बोगीचा, मेसेज असेल, किंवा मागच्या कुणीतरी १५४ नंबरचा स्विच फिरवून एक बोगी काढलेली असेल आणि तो तसाच राहिला असेल. अशा डब्ल्यूएजी-९ मध्ये २६० च्या जागी १३० किलोन्यूटन उरतात. सपाटीवर अशा इंजिनाने गाडी ओढत नेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. घाटाच्या माथ्यावर पहिल्यांदा रीजन मागितला की उघड होतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून घाटात शिरण्याआधी, सपाट जागेवर, रीजन एकदा लावून जोर मोजून बघा. कमी दिसला तर माथ्यावरच सांगा. जादा इंजिन मिळेपर्यंत वर थांबलेली गाडी अर्ध्या उतारावर थांबलेल्या गाडीपेक्षा कितीतरी कमी जागा अडवते.

उतरताना मधेच बोगी गेली, कन्व्हर्टर किंवा त्याचं तेल तापून, तर लाल एलएसएफआय दिवा लागतो आणि मेसेज येतो. इथे एक मनापासून विनंती. बीपीएफए बटण दाबून मेसेज घालवण्याआधी तो वाचा. असिस्टंटला मोठ्याने वाचायला सांगा आणि वेळ, वेग, किलोमीटर यांच्यासह लिहून घ्या. गाडी सांभाळणं पहिलं, हे खरंच. पण असिस्टंट त्यासाठीच शेजारी बसलेला असतो. नुसतं ‘रीजन गेला’ ऐकून शेडमधला माणूस पूर्ण इंजिन शोधत बसतो. ‘बोगी दोन, मेसेज अमुक, ताशी २८, ए-९ सुटलेला, रूळ ओला’ एवढं मिळालं की तो सरळ त्या जागी हात घालतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर आहे. रीजन आहे म्हणून हवेच्या ब्रेकची परीक्षा हलक्यात घेऊ नका. रीजन हा मदतनीस आहे. तो वीज, तार, रूळ आणि यंत्र या चारही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यातली एक गेली तरी तो जातो. गाडी थांबवण्याची हमी फक्त बीपीच्या, म्हणजे ब्रेक पाइपच्या, ५ किलो दाबात आहे. घाटातल्या कॅच साइडिंगचे, म्हणजे बेताल सुटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या लाइनचे, पॉइंट साइडिंगकडे लावून ठेवलेले असतात. गाडी ताब्यात आहे हे सिद्ध केल्यावरच मुख्य लाइन मिळते. हा नियम रीजनच्या आधीपासूनचा आहे. ‘आता आपल्याकडे रीजन आहे, तिथे थांबून वेळ का घालवायचा’ असं कुणी म्हणालं, तर मी त्याला घाटात एकटा पाठवणार नाही. क्षमता वाढवायची ती दोन ठरलेल्या थांब्यांच्या मधल्या धावण्यात. ठरलेला थांबा गाळून नाही.

तुमच्या सेक्शनमध्ये ही तक्रार वरचेवर येत असेल, तर लॉबीत, म्हणजे जिथे आपण ड्युटीवर हजेरी देतो तिथे, एक साधी वही ठेवा. तिच्यात लोको पायलटचं नाव, इंजिन नंबर, लोड, खांब, वेग, ओएचई व्होल्टेज, बीसी, रुळाची अवस्था आणि मेसेज एवढे नऊ रकाने करा. जो उतरून येईल त्याने चहा घ्यायच्या आधी एक ओळ भरायची. एक पावसाळा ही वही चालवा आणि मग खांबाच्या नंबरप्रमाणे ओळी लावून बघा. एकाच खांबाशी गर्दी दिसली तर ट्रॅकवाल्यांना बोलवा. एकाच इंजिनाशी दिसली तर शेडला कळवा. एकाच माणसाच्या नावापुढे दिसली तर त्याच्याबरोबर शेजारी बसून दोन फेऱ्या मारा, त्याला न रागावता.